इंजिनांतील पाणी जातें कोठें?

इ. स. १९९८ सालीं धुळें जिल्ह्यांतून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यांत, शहादा तालुक्यांत ब्राह्मणपुरी हें गांव आहे. सातपुडा व तापी यांच्यामधील या टापूंत ऊस, केळी, पपई व कापूस हीं पिकें होतात, व नांगरटीस ट्रॅक्टर लागतो. ऐन हंगामांत तो बंद पडला, तर वाफसा कोणासाठीं थांबत नाहीं.

रेडिएटर रोज भरावा, रोज तो उणा व्हावा, आणि जमिनीवर थेंबहि दिसूं नये, असा एक विकार इंजिनास जडतो. अशा वेळीं ‘हेड गॅस्केट गेलें’ असें म्हणून लागलीच हेड उतरविण्याची घाई होते. नवें गॅस्केट घालूनहि पाणी जातच राहिलें, म्हणजे पैसा व दिवस दोन्ही वायां गेले. म्हणून पाना हातीं घेण्यापूर्वीं पाण्याची वाट शोधावी.

प्रथम बाहेरची गळती नाहीं अशी खात्री करावी. पाण्याचा पंप, रबरी नळ्या व रेडिएटरचें झांकण पाहावें. तापलेल्या लोखंडावर थेंब सुकतो, पण डाग राहतो. आंतली वाट पुढील तीन खुणांनीं ओळखावी.

पहिली खूण धुराची. थंडींत सकाळीं क्षणभर वाफ दिसणें साहजिक आहे. परंतु इंजिन तापल्यावरहि सायलेन्सरमधून पांढरी वाफ येतच असेल, तर पाणी सिलिंडरमध्यें शिरत आहे असा संशय घ्यावा. रात्रभर उभें राहिलेलें इंजिन सकाळीं स्टार्टरनें अडलें, तर जोर करूं नये. पाणी दाबलें जात नाहीं. त्यानें कनेक्टिंग रॉड वांकतो. नोझल काढून इंजिन हातानें फिरवावें. पाणी असल्यास भोंकांतून उडेल.

दुसरी खूण तेलाची. पट्टीवर तेल वाढलेलें व दुधाळ दिसलें, तर पाणी चेंबरांत उतरलें आहे. रात्रभर इंजिन उभें ठेवून खालचा बोल्ट थोडा सैल करावा. पाणी जड असल्यानें तें आधीं येतें. केवळ तेल भरण्याच्या झांकणाखालीं पांढरा फेस असेल, तर तो थोडा वेळ चालविलेल्या इंजिनांतील दंवाचाहि असतो. मात्र दुधाळ तेलावर इंजिन मुळींच चालवूं नये, बेअरिंगें जातात.

तिसरी खूण बुडबुड्यांची. थंड इंजिनाचें झांकण काढून तें सुरू करावें. रेडिएटरांत सतत बुडबुडे आले, तर जळलेला वायु पाण्यांत घुसत आहे. दोष बहुधा गॅस्केटांत किंवा हेडच्या भेगेंत असतो. तापलेल्या इंजिनाचें झांकण उघडणें म्हणजे तोंड भाजून घेणें होय.

तेलांत पाणी असेल, तर तेल काढून चेंबर उतरावा आणि रेडिएटरास हातपंपानें दाब द्यावा. तो झांकणावर लिहिलेल्या दाबापेक्षां अधिक नसावा. मग खालून पाहावें. लायनरच्या बुडाशीं बाहेरून थेंब आला, तर रबरी रिंगा गेल्या. लायनर आंतून ओला दिसला, तर त्यास भोंक पडलें असण्याचा संभव आहे. पाणी वरून ओघळलें, तर हेड, गॅस्केट किंवा ब्लॉक तपासावा. हेड उतरल्यास तें सपाट आहे कीं नाहीं हें पट्टी लावून पाहावें, व भेग आहे कीं काय हें कारखान्यांत पाण्याच्या दाबाखालीं तपासून घ्यावें.

लायनरला भोंक पडण्याचें कारण बाहेरच्या बाजूस असतें. प्रत्येक स्फोटाबरोबर लायनर थरथरतो, त्यालगतच्या पाण्यांत सूक्ष्म बुडबुडे होऊन फुटतात, व लोखंड टोकरलें जातें. निर्मात्यानें सांगितलेलें कूलंट घातल्यास यास बराच आळा बसतो. विहिरीच्या जड पाण्याची खपली सांचून इंजिन अति तापतें व हेड वांकतें. तापलेल्या इंजिनांत थंड पाणी ओतल्यास भेगहि पडते.

पुण्यास १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना निघाला. अशा कारखान्यांचीं डिझेल इंजिनें महाराष्ट्रांत विहिरीवर बसलीं. त्यांतील पाण्यानें थंड होणाऱ्या इंजिनांसहि वरील परीक्षा बहुतांशीं लागू आहे. बैल आजारी पडला असतां आपण आधीं त्याचें लक्षण पाहतों, मग औषध करतों. इंजिनाच्या बाबतींतहि शेतकरी बंधूंनीं तोच क्रम ठेवावा.