मुलाची बूस्टर सीट गाडीला अडकवायची की नुसती ठेवली तरी चालते?

कळंबोलीहून एक्स्प्रेस-वेला लागलं की घाट येईपर्यंत कारला ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे. मागे पाच-सहा वर्षांचं मूल बूस्टर सीटवर बसलेलं, आणि ती बूस्टर मात्र गाडीच्या सीटवर नुसती ठेवलेली. आधीची बेबी सीट तर आयसोफिक्सला खटकन अडकवायची होती, मग ही अशीच मोकळी कशी? मूल चार वर्षांचं झालं आणि सीट बदलली की हा प्रश्न बहुतेक आईबाबांना पडतोच.

थोडक्यात उत्तर असं : सोय असेल तर अडकवा. पण नसेल, तर तेवढ्यासाठी बूस्टर बाद करू नका. कारण मुलाला धरून ठेवायचं काम बूस्टर करतच नाही, ते गाडीचा सीटबेल्ट करतो.

आता जरा सविस्तर. लहान मुलांच्या सीटला स्वतःचे पट्टे असतात. त्यात मूल सीटला बांधलेलं असतं आणि सीट गाडीला. त्यामुळे सीट गाडीला पक्की नसेल तर मूलही कशालाच बांधलेलं नाही, असा त्याचा अर्थ होतो. तिथे आयसोफिक्स किंवा बेल्टने सीट घट्ट करणं याला पर्याय नाही. बूस्टरचा हिशोब वेगळा आहे. गाडीचे बेल्ट मोठ्या माणसांच्या मापाने बनवलेले असतात. लहान मुलाला ते लावले तर वरचा पट्टा गळ्यावर येतो आणि खालचा पोटावर. बूस्टर मुलाला उचलून उंच बसवते, म्हणजे तोच बेल्ट योग्य जागी येतो. बेल्ट मूल आणि बूस्टर दोघांवरून जातो, त्यामुळे धडक बसली तर दोघांनाही तोच अडवतो.

इथे एक गोची आहे. आपल्याकडे ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच सीट ‘९ ते ३६ किलो’ अशा असतात. त्या आधी पट्ट्यांची सीट म्हणून आणि नंतर बूस्टर म्हणून वापरायच्या. तुम्ही सीटचे स्वतःचे पट्टे वापरत असाल, तर ती अजून बूस्टर झालेली नाही. तिला अडकवावंच लागेल.

मग बूस्टरला आयसोफिक्सचे हात देतात तरी कशाला? त्याचे फायदे खरे आहेत. मूल चढताना-उतरताना, वळणावर सीट सरकत नाही. बाजूने धडक बसली तर ती जागेवर राहायला मदत होते. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे मूल गाडीत नसताना.

हा मुद्दा बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. मुलाला शाळेत सोडलं, बूस्टर मागे तशीच राहिली. समजा ती ५ किलोची आहे, गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जातेय आणि धडकेत सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. साधं गणित केलं तरी ती सीट साधारण ७० किलोच्या जोराने पुढे जाते, आणि पुढे तुमची मान असते. त्यामुळे न अडकवलेली रिकामी बूस्टर बेल्ट लावून ठेवा, नाहीतर डिकीत टाका. (याच हिशोबाने १८ किलोच्या मुलाचा जोर अडीचशे किलोच्या आसपास जातो. ‘मी मांडीवर घट्ट धरते ना’ म्हणणाऱ्या आजीला हा आकडा प्रेमाने सांगा.)

आयसोफिक्स आपल्या गाडीत आहे का, हे शोधणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. मागच्या सीटची पाठ आणि बैठक मिळतात त्या फटीत, एकमेकांपासून २८ सेंटीमीटरवर लोखंडी कड्या असतात. पण गाडी शोरूममधून निघाली की आपण पहिलं काम काय करतो? सीट कव्हर! त्याखाली या कड्या गायब होतात, कधी कधी बेल्टची बकलंसुद्धा. बोट घालून चाचपून बघा. कव्हर आडवं येत असेल तर ते कापून घ्या, बूस्टर नुसती वरून दाबून ‘बसली’ असं समजू नका.

अडकवल्यावरही एकदा बघायचं : बकल बूस्टरच्या खाली दबतंय का, बेल्ट सहज ओढला जातोय का? मागे तिघं बसत असतील तर छोट्या गाड्यांत हे होतं. अशा वेळी बूस्टर जरा सरकवून, कड्या न वापरता ठेवलेली बरी. अर्थात तुमच्या सीटच्या मॅन्युअलमध्ये तशी परवानगी असेल तर.

बेल्टचं माप कसं ओळखायचं? खालचा पट्टा मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर सपाट बसला पाहिजे. पोटावर असेल तर धडकेत आतल्या अवयवांना मार बसतो. वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध हवा. टोचतो म्हणून मुलं तो काखेखाली घेतात, ते चालू देऊ नका. जुन्या गाड्यांत मागे मधल्या सीटला फक्त कमरेचा पट्टा असतो. तिथे बूस्टर लावूच नका, अडकवूनही नाही आणि न अडकवताही नाही.

कायदा काय म्हणतो? २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ब आलं. १४ वर्षांखालचं मूल सीटबेल्ट किंवा मुलांच्या सुरक्षा सीटशिवाय गाडीत असेल तर १,००० रुपये दंड. जर्मनीत १२ वर्षं किंवा १५० सेंटीमीटर उंची होईपर्यंत अशी सीट लागते, ब्रिटनमध्ये १२ वर्षं किंवा १३५ सेंटीमीटर. वयापेक्षा उंची बघणं जास्त शहाणपणाचं, कारण बेल्टला वय कळत नाही.

आणि बूस्टर मागच्याच सीटवर. डिसेंबर २०२४ मध्ये इथून जवळच, वाशीत, पुढे बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा अपघातात एअरबॅग उघडल्यानंतर मृत्यू झाला होता. मागे बसलं म्हणून बेल्ट नको, असंही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री मागच्या सीटवर बेल्टशिवाय होते.

बूस्टर न अडकवताही चालते, याचा एक फायदा आहे. आजोबांची जुनी गाडी असो की पनवेल स्टेशनबाहेरून केलेली कॅब, मागे तीन टोकांचा बेल्ट असला की काम झालं. बूस्टर काखेत मारायची आणि निघायचं. बसण्याआधी तो बेल्ट खरंच लागतोय ना, तेवढं ओढून बघायचं. बकल सीटखाली गेलंय, असं ड्रायव्हरने सांगितलं तर दोन मिनिटं थांबा आणि काढायला लावा.