मक्यातील नैसर्गिक नरवंध्यत्व : उपयोग आणि धोका

मक्याच्या एकाच झाडावर नर व मादी फुले वेगवेगळ्या जागी येतात. शेंड्यावरच्या तुऱ्यातून परागकण गळतात आणि खाली कणसात दाणे भरतात. संकरित बियाणे तयार करताना दोन वाण शेजारी पेरतात. त्यांपैकी मादी वाणाचे तुरे पराग गळण्याआधी खुडावे लागतात. नाहीतर त्याच वाणाचे पराग त्याच्या कणसावर पडतात. मोठ्या क्षेत्रावर या कामाला खूप मजूर लागतात.

काही झाडांत तुरा येतो, पण सक्षम परागकण तयार होत नाहीत. मादी फूल मात्र निरोगी असते. यालाच नरवंध्यत्व म्हणतात. अमेरिकेतील टेक्सास राज्यात असा मका सापडला. हा गुण पेशीद्रव्यातून येतो, म्हणून त्याला ‘टी-पेशीद्रव्य’ हे नाव मिळाले. त्याचे मूळ मायटोकॉन्ड्रियातील ‘टी-यूआरएफ१३’ या जनुकात आहे. मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच पुढच्या पिढीत जातात, त्यामुळे मादी वाणाचे वंध्यत्व टिकून राहते. शेतकऱ्याच्या शेतात मात्र दाणे भरण्यासाठी पराग हवेत. म्हणून नर वाणात प्रजननक्षमता परत आणणारी केंद्रकीय जनुके असावी लागतात.

तुरे खुडण्याचा खर्च वाचल्यामुळे १९७० पर्यंत अमेरिकेतील सुमारे ८५ टक्के मक्यात हेच पेशीद्रव्य आले. त्या वर्षी पानांवरील करपा रोगाच्या बुरशीचा ‘टी’ हा प्रकार पसरला. वरील जनुकापासून बनणारे प्रथिन मायटोकॉन्ड्रियाच्या आतील पटलात असते. बुरशीचे विष त्याला चिकटले की पटलाला छिद्रे पडतात आणि पेशीची ऊर्जानिर्मिती थांबते. म्हणजे ज्या प्रथिनामुळे मजुरी वाचली, त्यानेच रोगाला वाट करून दिली. वाण वेगवेगळे होते, पण सर्वांचे पेशीद्रव्य एकच होते. देशाचे सुमारे १५ टक्के मक्याचे पीक बुडाले. त्यानंतर बियाणे उत्पादक पुन्हा सामान्य पेशीद्रव्याकडे आणि तुरे खुडण्याकडे वळले.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा धडा ओळखीचा वाटेल. यंत्रणेचे सर्व भाग एकाच घटकावर अवलंबून असतील, तर तो निकामी होताच संपूर्ण यंत्रणा कोलमडते. म्हणून नरवंध्यत्व वापरताना त्याचे एकाहून अधिक स्रोत हाताशी ठेवणे आवश्यक आहे.