यू व्हिसा: नवऱ्याची धमकी आणि कायदा

"पोलिसांना फोन केलास तर तुलाच भारतात परत पाठवतील." अमेरिकेत एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर राहणाऱ्या बायकोला मारहाण करणारा नवरा ही धमकी देतो आणि नवख्या मुलीला ती खरी वाटते. तिथला कायदा मात्र वेगळं सांगतो. गुन्ह्याला बळी पडलेल्या परदेशी व्यक्तीसाठी अमेरिकेने 2000 साली यू व्हिसाची तरतूद केली. कौटुंबिक हिंसा, बलात्कार, अपहरण, वेठबिगारी, खंडणी असे ठरावीक गुन्हे त्यात येतात.

व्हिसाची मुदत संपली की हा हक्कही संपतो, हा मोठा गैरसमज. कागदपत्रं नसलेल्यांनाही अर्ज करता येतो. आरोपीला शिक्षा झालीच पाहिजे, अशीही अट नाही. गुन्ह्यामुळे गंभीर शारीरिक किंवा मानसिक इजा झालेली हवी आणि तपासाला मदत करायची तयारी हवी.

पण नुसत्या तक्रारीने व्हिसा मिळतो, हेही खोटं. खरी अडचण एका पुरवणी फॉर्मची आहे. पीडितेने मदत केली, असं त्यावर पोलीस, सरकारी वकील किंवा न्यायाधीश लिहून सही करतात. सही करायची की नाही, हे त्यांच्या मर्जीवर. सही मिळाली तर सहा महिन्यांच्या आत अर्ज जायला हवा. मिळाली नाही तर अर्जच उभा राहत नाही. म्हणून पोलीस घरी आले की दुभाष्या मागा, नवऱ्याला तुमच्या वतीने बोलू देऊ नका आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.

नवरा अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल, तर 'वावा' या महिलांवरील हिंसाचारविरोधी कायद्याखाली वेगळा अर्ज करता येतो. तो एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर ती वाट बंद. यू व्हिसाची मात्र उघडी राहते आणि घटस्फोटाने ती बंद होत नाही.

हा झटपट ग्रीन कार्डाचा मार्गही नव्हे. वर्षाला मुख्य अर्जदारांना 10,000 व्हिसाच मिळतात, त्यामुळे रांग कित्येक वर्षांची आहे. व्हिसा मिळाल्यावर अमेरिकेत सलग तीन वर्षं राहिलं की ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो. या व्हिसासाठी दुकानांत लुटीचं नाटक रचल्याच्या आरोपावरून तिथे भारतीयांवर खटले झाले आहेत. अशा फसवणुकीमुळे खऱ्या पीडितांकडेही संशयाने पाहिलं जातं, याचा संताप येतो.

अर्ज करण्याआधी इमिग्रेशनच्या परवानाधारक वकिलाला गाठाच. एजंटाच्या शब्दावर कुठेही सही करू नका.