उपवासाची पेज, पुरुमेंताची बरणी आणि हळदीचे पान
गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत चर्चचे वर्ष आणि हंगाम एकाच चुलीवर कसे शिजतात

शुक्रवारी मटण-चिकन नको म्हणून महागडी इसवण तळली, तर उपवासाचा नियम मोडत नाही, मासे चालतात. पण मग साधेपणा राहिला कुठे? गोव्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत हा प्रश्न फारसा पडत नसे. चर्चचा जो काळ चालू असेल, त्या काळात शेतात, परसात आणि दर्यात जे मिळेल तेच ताटात यायचे.

करेज्म : पेज आणि कडधान्य

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळाला कोकणीत करेज्म म्हणतात. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी 18 ते 59 वर्षांच्या निरोगी माणसाने एकदाच पोटभर जेवायचे, बाकी दोन वेळा थोडेसेच. या दोन दिवशी आणि काळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. हा नियम 14 व्या वर्षापासून लागतो.

याच दिवसांत शेतातले आळसांदे घरात आलेले असतात आणि फणस कोवळा असतो. म्हणून उकड्या तांदळाची पेज, भाजलेल्या खोबऱ्या-धण्याच्या वाटणातले आळसांद्याचे तोणाक, नाहीतर कोवळ्या फणसाची भाजी. एवढ्यात जेवण होते.

पुरुमेंत : पावसाची बेगमी

ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारी पेंतेकॉस्त येतो. तारीख 10 मे ते 13 जूनच्या दरम्यान, म्हणजे पावसाच्या तोंडावर. मडगावच्या होली स्पिरिट चर्चचे फेस्त तेव्हाच असते आणि त्याला लोक पुरुमेंताचे फेस्त म्हणतात. पुरुमेंत म्हणजे बेगमी; शब्द मूळचा पोर्तुगीज. सुकी मासळी, सोलं, चिंच, मिरची, कांदे तिथून घरी येतात. म्हापशात मिलाग्र सायबिणीच्या फेस्तालाही अशीच खरेदी होते.

पुढे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद. बेळगावची भाजी रोज घाट उतरते खरी, पण पावसात घाट अडला की बरणीच उघडावी लागते. गालमो, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, तव्यावर कोरडी भाजायची. त्यात कांदा, ओले खोबरे, मिरची, थोडी चिंच. दहा मिनिटांत किसमूर तयार.

ऑगस्ट : नवे कणीस, हळदीचे पान

ऑगस्टमध्ये गावोगावी कणसांचे फेस्त होते. नव्या भाताची कणसे चर्चमध्ये आशीर्वादित करून घरी नेतात. 15 ऑगस्टला सायबिणीच्या फेस्ताला पातोळ्यो. तांदळाचे जाडसर वाटण हळदीच्या पानावर पसरायचे, मध्ये खोबरे आणि माडाचा गूळ, पान दुमडून वाफवायचे. नागपंचमी-चतुर्थीला शेजारच्या हिंदू घरांतही हाच पदार्थ होतो, कारण हळदीची पाने तेव्हाच हिरवीगार असतात.

आज काय करता येईल?

नाताळच्या दोदोल-नेवऱ्यो आता बहुतेकांना विकत मिळतात. रोजच्या साध्या जेवणाचे तसे नाही. ते घरात शिजले नाही तर विसरले जाते. दोघांच्या घराला कोठी भरायची गरज नाही. मे महिन्यात पाव किलो गालमो आणि मूठभर सोलं घेतली तरी पुरुमेंत झाले. करेज्मातल्या एका शुक्रवारी पेज आणि तोणाक केले की वाचलेल्या पैशातून कुणा गरजूला जेवू घालता येते. उपवासाबरोबर दानधर्मही त्या काळाचाच भाग आहे.