एकाच नावाचे दोन ‘वऱ्हाड’

भाग ऐकायला जमलं नसेल त्यांच्यासाठी हे शब्दांकन.

आमचा एक पेनड्राइव्ह अमरावती आणि अकोला अशा दोन घरांत फिरत असतो. परवा अकोल्याहून आतेभावाचा फोन आला. “दादा, यात ‘वऱ्हाड’ नावाचं फोल्डर दोनदा दिसतंय. एक उडवू का?” मी “उडव” म्हणणारच होतो. मग आठवलं, एकाच जागी एकाच नावाची दोन फोल्डरं कॉम्प्युटर राहूच देत नाही. मग ही कशी राहिली? उघडून पाहायला लावलं. एकात लग्नाचे फोटो, दुसऱ्यात आजीच्या आवाजातल्या ओव्या. आजी आता नाही. पोटात गोळाच आला, राजेहो!

भानगड आहे त्या ‘ऱ्ह’मध्ये. आडव्या काडीसारखा दिसणारा हा अर्धा र मराठीला पदोपदी लागतो. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग ह. दुसरी, साधा र, हलन्त, त्यानंतर ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचं न दिसणारं चिन्ह, मग ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण कॉम्प्युटर अक्षरं क्रमांकांनी ओळखतो. साध्या र चा क्रमांक ०९३० आणि ऱ चा ०९३१. त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं, आणि फायली दाखवणारी खिडकी हा फरक आपल्याला दाखवत नाही. आमचे दोघांचे कीबोर्ड वेगळे होते, एवढंच कारण.

याचं दुसरं रूप म्हणजे ते न दिसणारं चिन्ह कुठेतरी गळून पडतं. मग अर्ध्या र चा रफार होतो आणि ‘चिखलदऱ्याची सहल’ हे नाव ‘चिखलदर्याची सहल’ असं दिसतं. हे नुसतं दिसण्यापुरतं नाही. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. मेळघाटात समुद्र कुठून आणायचा?

मग करायचं काय?

पहिलं, सारख्या नावाची दोन फोल्डरं दिसली तर आधी दोन्ही उघडा, आतल्या फायली मोजा. नाव पाहून काहीही उडवू नका.

दुसरं, घरात एकच रीत ठरवा. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ येतो, मग डी दाबून हलन्त द्या. यात न दिसणारं चिन्ह लागतच नाही, त्यामुळे गळायची भीतीही नाही.

तिसरं, शोधून फाइल सापडली नाही तर ती गेली असं समजू नका. नावातला अर्धा र गाळून उरलेला तुकडा शोधा. ‘वऱ्हाड’साठी नुसतं ‘हाड’ टाकून पाहा.

आम्ही त्या फोल्डरचं नाव बदलून ‘आजीच्या ओव्या’ केलं. आता चुकायला जागाच नाही. भेटू पुढच्या भागात!