उसवता न येणारा सदरा

जुन्या सुती कापडाच्या फाटलेल्या कडेतून एक धागा ओढून काढा. बोटभर लांबीचा पुरे. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढा. बराच वेळ तग धरेल आणि शेवटी फट्कन तुटेल. आता तसाच दुसरा धागा घ्या, पण ओढण्याआधी त्याचा पीळ उलटा फिरवून पूर्ण सोडवा. मग अगदी हलकेच ओढा. हा धागा तुटणारच नाही. तो नुसता सुटेल, आणि चिमटीत चिमूटभर कापूस उरेल.

म्हणजे त्यात ना गोंद होता, ना गाठ. होते फक्त शेजारी शेजारी ठेवून पिळलेले आखूड तंतू. सुती नऊवारी साडीतला उभा धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जातो, पण त्यातला एकही तंतू बोटाच्या पेराहून फारसा मोठा नसतो. आणि अशा कापडाच्या भरवशावर आपण चारचौघांत बिनधास्त वावरतो!

मग एका टोकाला दिलेला ताण दुसऱ्या टोकाला पोहोचतो कसा? हा प्रश्न गॅलिलिओलाही पडला होता. १६३८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने विचारलं: एवढ्याशा आखूड तंतूंपासून एवढा लांब आणि बळकट दोर होतोच कसा? नेमकं गणिती उत्तर कधी आलं म्हणता? तीन भौतिकशास्त्रज्ञांनी ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये ते मांडलं, २०१८ साली. तोवर माणूस हजारो वर्षं सूत कातत होता, आणि त्यामागचं गणित माहीत नसल्यामुळे कुणाचं काही अडलं नव्हतं.

त्या उत्तराचा गाभा असा. पिळलेला धागा ओढला की आतले तंतू एकमेकांवर दाबले जातात. जितकं ओढाल तितकं घर्षण वाढतं. घर्षण पुरेसं असेल आणि तंतू एकमेकांना पुरेशा लांबीवर भिडलेले असतील, तर एक मर्यादा ओलांडताच अख्खा धागा एकजीव होतो. त्यानंतर तंतू निसटत नाहीत. तुटायची वेळ आली तर तंतूच तुटतात. मर्यादेच्या अलीकडे मात्र तो केवळ कापूस. ‘पुरेशी लांबी’ हे दोन शब्द लक्षात असू द्या. जुन्या कपड्यांचं जगभर काय करायचं, हा प्रश्न याच दोन शब्दांपाशी अडला आहे.

ही लांबी येते कुठून? सरकीच्या सालीवरून. कपाशीचं फूल उमलतं त्याच सुमाराला, पुढे सरकी होणाऱ्या बीजाच्या सालीवरच्या काही पेशी फुगतात आणि लांब व्हायला लागतात. कापसाचा एक तंतू म्हणजे एक पेशी. एकच! शरीरातल्या बहुतेक पेशी पाहायला आपल्याला सूक्ष्मदर्शक लागतो, आणि ही पेशी विदर्भातला शेतमजूर मुठीमुठीने वेचतो. जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी, लांबी तीन सेंटिमीटरच्या आसपास. याच प्रमाणात ती बोटाएवढी जाड केली तर सात मजली इमारतीइतकी लांब होईल.

तीन आठवडे ही पेशी लांब होत राहते. मग तिच्या आतल्या बाजूने सेल्युलोजचे थर चढू लागतात. बोंड फुटलं, ऊन-वारा लागला की आतला रस सुकतो, पेशी मरते, आणि ती पोकळ नळी चपटी होऊन स्वतःभोवतीच पीळ घेते. चरख्याने पीळ देण्याआधी निसर्गाने प्रत्येक तंतूला आपला पीळ देऊन ठेवलेला असतो, आणि त्यामुळेच तंतू एकमेकांना धरतात. पटत नसेल तर सावरीचा कापूस हातात घेऊन पाहा. दिसायला मऊ, चमकदार, आपल्या कापसाहून देखणा. पण त्याचे तंतू गुळगुळीत आणि सरळ, एकमेकांना धरेनातच. म्हणून सावर गेली उशीत आणि कपाशी गेली मागावर.

तंतूची लांबी हीच कापसाची पत. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापसाची एक सरकारी प्रयोगशाळा आहे. कापसाचा तंतू किती लांब, किती बारीक, किती बळकट हे मोजणं हा तिच्या कामाचा मोठा भाग. एक-दोन मिलिमीटरने इकडे-तिकडे झालं तरी भाव बदलतो.

आता सगळा प्रवास उलटा करून पाहू. वापरून विटलेला सदरा आहे, त्याचा पुन्हा कापूस करायचा आहे. बटणं काढली, कापडाचे तुकडे केले आणि लोखंडी दात बसवलेल्या रुळांमध्ये घातले. रूळ कापड ओरबाडतात, विणीतून धागे सुटे करतात, धाग्यांतून तंतू. पण तीनशे-चारशे वेळा धुतलेला, पिळलेला, वाळवलेला तंतू एवढा ओरबाडा सोसणार कसा? तो तुटतो. तीन सेंटिमीटरचा एक होतो, कधी त्याहूनही कमी. आणि आखूड तंतू गॅलिलिओच्या परीक्षेत नापास! त्यांचं सूत कातता येतं, पण जाडंभरडं आणि कच्चं. दरी-सतरंजी, पायपुसणं, फरशी पुसायचं फडकं यांना चालतं. पुन्हा सदरा करायचा तर नवा कापूस किंवा पॉलिएस्टर मिसळल्याशिवाय जमत नाही. एलेन मॅकार्थर फाउंडेशनने २०१७ साली हिशेब मांडला, तेव्हा कपडे बनवायला जगभर जो माल वापरला जातो त्यातला एक टक्कासुद्धा पुन्हा नव्या कपड्यांत जात नसल्याचं दिसलं.

लोकरीची गोष्ट वेगळी. तिचे तंतू जास्त लांब, शिवाय प्रत्येकावर सूक्ष्म खवले, त्यामुळे ओरबाडल्यावरही ते एकमेकांत अडकतात. इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या बॅटली गावी बेंजामिन लॉ नावाच्या माणसाने १८१३ साली लोकरीच्या चिंध्या फाडून, त्यात थोडी नवी लोकर घालून कापड बनवलं. नेपोलियनच्या युद्धांमुळे नवी लोकर महाग झाली होती, त्यातून सुचलेली ही युक्ती. या मालाला ‘शॉडी’ म्हणतात, आणि पुढे त्यावर गावंच्या गावं उभी राहिली. त्या धंद्याचं एक मोठं केंद्र नंतर आपल्या देशात आलं. कुठे? पानिपतात. मराठी माणसाला हे नाव १७६१ च्या पलीकडे ऐकायची सवय नाही, पण पाश्चात्त्यांनी टाकलेले स्वेटर आणि ओव्हरकोट कित्येक वर्षं तिथेच येत राहिले आहेत. गुजरातेतल्या कांडला बंदरात ते उतरायचे तेव्हा त्यांवर आधीच वार केलेले असायचे. ‘चिंध्या’ म्हणून आणलेला माल कुणी चांगला कपडा म्हणून विकू नये यासाठी.

पानिपतात बायका उभ्या पात्यापुढे बसतात, आपल्याकडे विळीपुढे बसावं तशा, आणि कोटातलं अस्तर, बटणं, चेन, कंपनीची चिठ्ठी सपासप वेगळी करतात. मग रंग निवडतात. लाल लालांत, त्यातही गर्द वेगळा, फिका वेगळा. हे वेगळं करणं म्हणजेच तिथलं रंगकाम. सगळे लाल कोट फाडून कातले की लाल सूत तयार. ना रंगाची भट्टी, ना रंगीत सांडपाणी. कापडाला रंग देणं हे या धंद्यातलं सगळ्यात पाणीखाऊ आणि घाण करणारं काम, आणि या बायका ते नुसत्या नजरेने टाळतात! त्या सुतापासून घोंगड्या-ब्लँकेटं होतात. भूकंप-पूर आला की मदत संस्था जी स्वस्त ब्लँकेटं वाटतात, त्यांतली कितीतरी पानिपतची.

अलीकडे मात्र गुबगुबीत पॉलिएस्टरच्या ब्लँकेटने हा धंदा मोडत आणला आणि बऱ्याच गिरण्या सुती चिंध्यांकडे वळल्या. जुन्याला मारलं ते स्वस्त नव्याने. ही गोष्ट आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

लोकरीच्या कोटाची शिवण सुती असली तर? लोकर म्हणजे प्रथिन, सूत म्हणजे सेल्युलोज. आम्लाची वाफ दिली की सेल्युलोज करपून ठिसूळ होतं आणि झटकलं की झडून जातं. लोकर जशीच्या तशी. रसायनाला बोटं नसतात, पण दोन पदार्थांतला फरक ते अचूक ओळखतं. आता हीच युक्ती टेरीकॉटवर चालवायची आहे.

१९४१ साली मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी एक नवा तंतू बनवला. तो टेरिलीन. आपल्याकडे त्याची टेरीन झाली आणि कापसाशी लग्न लागून टेरीकॉट. पाण्याची बाटली ज्या प्लास्टिकची असते ते हेच. ‘बाटल्यांपासून बनवलेला टी-शर्ट’ ही पाटी तुम्ही दुकानात पाहिली असेल. छान वाटतं. पण बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. तिचा टी-शर्ट झाला की पुढची वाट बहुतेक वेळा कचऱ्याकडेच. त्या पाटीवर मी फारसा भाळत नाही.

आणि टेरीकॉट? इथे कापूस आणि पॉलिएस्टर कातण्याच्या आधीच मिसळतात. प्रत्येक धाग्यात दोन्ही. शाळेचा गणवेश वर्षभर टिकतो आणि इस्त्री मोडत नाही ती त्यामुळेच. ओरबाडून ते वेगळे होणार नाहीत, कारण वेगळं करायला धागा नाही, सगळे तंतूच मिसळलेले. त्यात आता जीन्सला ताण देणारं इलॅस्टेन, दोन-तीन टक्के, आणि तेवढंच फाडणाऱ्या यंत्राला वैताग द्यायला पुरतं. बरं, ‘शंभर टक्के सुती’ असं छापलेला सदरा? त्याची शिवण उसवून पाहा. शिवायचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा निघेल.

हाँगकाँगच्या एका कापड संशोधन संस्थेने २०१७ साली यावर जो तोडगा दाखवला, तो वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. टेरीकॉट बंद भांड्यात घालायचं, पाणी, उष्णता, दाब आणि थोडं सौम्य आम्ल. काही वेळाने भांडं उघडलं की कापसाची पूड झालेली असते आणि पॉलिएस्टरचे तंतू मात्र अखंड, पुन्हा कातण्याजोगे लांब! पुडीचं सेल्युलोजही वाया जात नाही.

सेल्युलोजची पूड म्हटली की मग लांबीचा प्रश्नच उरत नाही. कारण सेल्युलोज विरघळवून बारीक छिद्रांतून ओढलं की हवा तेवढा लांब तंतू मिळतो. हे तंत्र शंभर वर्षांहून जुनं आहे. कल्याणजवळ शहाडला सेंच्युरी रेयॉन वर्षानुवर्षं तेच करत आलं आहे, फक्त लाकडाच्या लगद्यापासून. लाकडाऐवजी जुना सदरा का नको? यातली खरी गंमत रेणूंत आहे. सेल्युलोजचा रेणू म्हणजे ग्लुकोजची माळ. कोऱ्या कापसात ती हजारो मण्यांची, आणि प्रत्येक धुण्यात, प्रत्येक उन्हात तुटत जाते. रेयॉनला हवी असते काहीशे मण्यांची माळ. म्हणजे ज्या झिजेमुळे सदरा आपल्याला टाकावासा वाटतो, ती झीज इथे बाधत नाही.

स्वीडनच्या रिन्यूसेल कंपनीने हेच केलं. सुंद्सवाल इथल्या जुन्या कागद गिरणीत त्यांनी २०२२ साली जुन्या सुती कपड्यांपासून लगदा बनवणारा कारखाना सुरू केला. वर्षाला साठ हजार टनांची क्षमता. लगदा चांगला होता, मोठमोठ्या नावांनी कौतुक केलं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने दिवाळं काढलं. रसायन बरोबर होतं, गिऱ्हाईक कमी पडलं. लाकडाचा लगदा स्वस्त पडत होता. पुढे नव्या मालकाने कारखाना विकत घेतला, पण धडा पानिपतचाच. जगात कपडा शिवून विकायची घाई एवढी की उसवायला पैसे मोजायला कुणी तयार नाही.

या सगळ्या यंत्रांपुढे मला बोहारणीचं कौतुक जास्त वाटतं. ती कापड चिमटीत चुरगाळते, उजेडात धरते, भांड्याचा भाव ठरवते, आणि तिने नेलेला कपडा धुऊन, शिवून, जुन्या बाजारात पुन्हा कपडा म्हणूनच विकला जातो. ना आम्ल, ना दाब, ना उसवणं. तंतूची लांबीही शाबूत!

आणि शिवतानाच उसवण्याची सोय ठेवली तर? बेल्जियममधल्या रिझॉर्टेक्स नावाच्या छोट्या कंपनीने वितळणारा शिवणदोरा काढला आहे. जुने कपडे भट्टीत घालायचे, दोरा वितळतो, खिसे, चेन, बटणपट्ट्या, बाह्या आपापल्या गळून पडतात. कात्री लागत नाही. आता तुमच्या मनात जे आलं ते माझ्याही मनात आलं: इस्त्रीचं काय? कंपनी वेगवेगळ्या तापमानांना वितळणारे दोरे बनवते. कुठला कमी अंशांना, तर कुठला जास्त अंशांना. एवढं पुरे होईल का, हे आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारायला हवं. त्याच्या कोळशाच्या इस्त्रीला अंश ठाऊक नाहीत. तो पाण्याचा शिंतोडा मारतो आणि चुर्रर्र आवाजावरून ठरवतो.