गंजलेल्या विळीला चिंच लावा

पावसाळ्यात हुलसूर, भालकी, बसवकल्याण भागात घरोघरी विळी आणि सुरीवर तांबूस थर चढतो. लोखंडाला पाणी आणि हवा एकत्र मिळाली की गंज आलाच. त्यावर आपल्या घरचीच चिंच जबरदस्त काम करते. तिच्यातलं टार्टारिक आम्ल गंज विरघळवतं.

चिंच थोड्या पाण्यात कोळून घट्ट गर पात्यावर थापा. अर्ध्या तासाने नारळाच्या शेंडीने घासा, पाठीकडून धारेकडे, बोटं धारेपासून लांब. गर तपकिरी होऊन निघतो, खालचं करडं लोखंड दिसतं. रात्रभर मात्र ठेवू नका, आम्ल चांगलं लोखंडही खातं. गंज गेल्यावर उरणारी काळपट झाक खरवडू नका, ती पात्याला थोडी राखतेच.

मग धुऊन लगेच कोरडं करा. पातं मुठीत शिरतं तिथे ओल दडते, तिथे फडकं नीट फिरवा.

आता तेल. आपल्याकडे करडई, जवस मुबलक, पण ही तेलं हवेत सुकून चिकट होतात. त्यापेक्षा खोबरेल तेलाचा पातळ हात द्या. स्टेनलेस सुरीला एवढ्या खटाटोपाची गरज नाही. लोहाराकडच्या पोलादी पात्याला आहे, आणि त्याची धार तेवढी मोलाची असते!